डिलीटेडमधली माझी आठ वर्षं

मंडळी, आज दुपारपासून मी जळतेय आणि ऑफिसात कुणाला सांगायची सोय नाही, म्हणून इथे लिहितेय.

शहापूरच्या आमच्या ऑफिसात मेल बिघडला की आठ वर्षं एकच हाक यायची, "मुरबाडवाल्या ताईंना बोलवा." आज माझ्याच कॉम्प्युटरवर मेल यायचे थांबले. मी दोनदा बंद-चालू करून बघितलं. तेवढ्यात साहेबांनी रूपालीला बसवलं, तेही माझ्याच खुर्चीत! खर्डीची पोरगी, कामाला लागून तीन महिने झालेत.

तिने आधी मेलच्या फाइलची कॉपी काढून ठेवली. हे मला आठ वर्षांत कधी सुचलं नव्हतं. मग म्हणाली, "ताई, फाइल फुल झालीय. डिलीटेडमधलं सगलं उडवू?"

मी ओरडलेच, "नको गो!" माझे सगळे महत्त्वाचे मेल तिथेच असतात. इनबॉक्स रिकामा दिसला की साहेब खूश होतात, म्हणून काम झालं की मी मेल तिकडे टाकते आणि लागला की तिथूनच काढते.

तिने सगळे मेल नव्या फाइलीत हलवले. साहेबांनी विचारलं, "काय झालं होतं?"

"काय नाय साहेब, फाइल जुनी झालती. ताईंनी सगलं जपून ठेवलंय."

चहाडी केली असती, तर निदान भांडता तरी आलं असतं. हुशार तर हुशार, वर मनानेही चांगली! अशा पोरीवर कोणत्या तोंडाने जळायचं, सांगा. तरी मी जळतेच आहे.