मिठासंगं वाढणारा ओरखडा

काचेला चाचांचा हात लागलाच नव्हता. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही.

यवतमाळच्या आमच्या कॉलेजात ते भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिपाई होते. त्याआधी दारव्ह्याला वेल्डिंगचं दुकान. असे एखादे चाचा तुम्हीही पाहिले असतील. यंत्र सरांपेक्षा त्यांचं जास्त ऐकतं. डाव्या हाताची मूठ वळायची, तिच्याभोवती उजवा पंजा धरायचा आणि म्हणायचं, "मधात गरम, भवताल थंड. आर्क असाच असते, सर."

माझ्या पीएचडीसाठी आम्ही कार्बनच्या दोन कांड्यांत विजेचा झोत, म्हणजे आर्क, पेटवायचो आणि कांडीवर चिमूटभर मीठ ठेवायचो. त्या दाट, धगधगत्या वायूचा, प्लाझ्माचा, उजेड वर्णपटमापकातून फोटोच्या काचेवर निगेटिव्हसारखा काळी रेघ होऊन उमटायचा. पण रेघेच्या ऐन मधोमध, जिथं ती सर्वांत ठळक हवी, तिथं केसाएवढी कोरी चीर.

नागपूरहून मार्गदर्शक आले. काच उजेडात धरून म्हणाले, "हा ओरखडा कुणाचा?"

चाचा चहाचा ट्रे घेऊन दारात उभे होते.

"चाचांचा हात लागला असेल," मी म्हणालो.

त्यांनी ट्रे टेबलावर ठेवला. एक थेंब सांडला नाही. आठवड्याभरात त्यांची बदली गेटवर झाली.

जाताना त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या तीन काचा दिल्या. "एकात मीठ कमी, एकात लय, एकात आर्क वाकडा. पाहा निवांत. ओरखडा काई मिठासंगं वाढत नाई, सर."

पाहिल्या. मीठ जास्त तिथं चीर रुंद. आर्क वाकडा तिथं चिरेच्या दोन्ही कडा असमान. आतल्या गरम मिठाच्या वाफेचा उजेड भोवतीची थंड वाफच गिळत होती. चिरेवरून थंड थराची जाडी काढता येत होती, असमान कडांवरून प्लाझ्मा कुठं विस्कटलाय तेही. माझा सगळा प्रबंध त्या चिरेवर उभा राहिला. मी डॉक्टर झालो. चाचा गेटवरच राहिले.

"सर, चीर दिसली का?" स्कूटर आत घेताना विचारायचे.

"दिसली, चाचा."

"मंग झालं." आणि मूठ, तिच्याभोवती पंजा. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

गेल्या वर्षी ते गेले. त्यांची मुलगी कागदपत्रांसाठी कॉलेजात आली.

"सर, अब्बाच्या हातून असं काय फुटलं होतं, की त्याईले गेटवर पाठवलं? घरी कधी बोलले नाई. अम्मी त्याईले अखेरपर्यंत स्टीलच्या गिलासातच चहा देत होती. म्हणे, तुमच्या हाताचा भरोसा नाई. अब्बा नुसते हसत."

"जुनी गोष्ट आहे," मी म्हणालो. ती सलाम करून गेली.

आजही आर्क पेटवला की ती चीर उमटते. ऐन मधोमध.

ती दारव्ह्याला राहते, इथून तासाभरावर. तिथं जाऊन त्या मुलीला सांगायचं आहे की तिच्या वडिलांच्या हातून काहीच बिघडलं नव्हतं, आणि ते ठाऊक असून मी गप्प बसलो. अजून गेलेलो नाही.