थरथरणारी मोटार आणि सासूबाईंचा कौल

नवरा गेल्यावर गोंदियाची धानगिरणी धाकट्या दिरांनी सांभाळली आणि गावोगाव फिरून धान घेण्याचं काम मी. त्यासाठी आमची जुनी मोटार मीच चालवायची. पण ती उभ्या जागी इतकी थरथरू लागली, की दिरांनी तिला गिऱ्हाईक पाहिलं. मोटार गेली असती तर मी पुन्हा बैलांच्या दमणीत, म्हणजे अर्धा हंगाम रस्त्यातच. शेवटी ठरलं, की सासूबाई मोटारीनं सौंदडला माहेरी जातील आणि त्या म्हणतील ते खरं.

मी कामाला लागले. एक सिलिंडर पेटत नसला की इंजिन लंगडतं, म्हणून प्लग काढून घासले. कार्बुरेटर धुतला. थरथर कमी झाली, गेली नाही. मग खाली शिरून पाहिलं. इंजिन ज्या रबरांवर टेकतं ती चिरून चेपली होती. नवी नागपूरहून मागवायला हवी होती. पण मी पडले गिरणीवाली. आमच्याकडे यंत्र हललं की बोल्ट आवळतात. मी रबरं फेकली, तिथे लोखंडी पट्ट्या घातल्या आणि इंजिन सांगाड्याला जखडून टाकलं.

इंजिन खरंच हललं नाही. आता मोटार हलत होती. गिरणीचा हादरा जमीन गिळते, मोटारीचा रबर गिळतं, हे मला वाटेत सुचलं, सासूबाईंचा पानाचा डबा मांडीवरून उडाला तेव्हा.

"काऊन वं, धान भरडून राहिली का?" त्यांनी विचारलं.

मी रस्त्याला दोष दिला. तेवढ्यात रेल्वेचं फाटक लागलं. मोटार थांबली, आणि उभ्या मोटारीत सासूबाई तशाच हलत राहिल्या.

सौंदडला त्यांचे भाऊ दारात उभेच होते. मोटर कशी हाय, त्यांनी विचारलं. सासूबाई उतरल्या तरी हनुवटी थांबली नव्हती. संपलं, मी मनात म्हटलं. पण माहेरच्यांपुढे सासरच्या वस्तूला नाव ठेवतील तर त्या सासूबाई कसल्या!

"पाळण्यावाणी हाय," त्या म्हणाल्या. "झोप लागली होती मले."

माहेरी दिलेला शब्द गोंदियात फिरवता येईना. गिऱ्हाईक परत गेलं, नवी रबरं आली, मोटार राहिली.

त्या दिवशी संध्याकाळी मात्र सौंदडहून परतायला मी मोटार दाराशी लावली, तेव्हा सासूबाई केव्हाच स्टेशनवर जाऊन बसल्या होत्या. आगगाडीला अजून बराच वेळ होता.