मुठीतला थेंब

दुपारचा पाला टाकून प्रांजल शेडमध्येच, रॅकच्या पायाशी, पोत्यावर आडवी झाली आहे. वर रेशमाच्या अळ्या तुतीची पानं कुरतडताहेत, कर्र कर्र, कर्र कर्र. खरं तर एव्हाना खाणं सोडून त्यांनी कोष विणायला हवेत. शेजारच्या शेडमधल्या कधीच कोषाच्या जाळीवर चढल्या. हिच्या मात्र खातच सुटल्यात! "संध्याकाळी सगळ्या उकिरड्यात," बाबांनी सांगून टाकलंय. आत्या गेल्यानंतरची ही पहिली बॅच, आणि प्रांजलनं ती हट्टानं अंगावर घेतलेली. डोळे मिटतात. कर्र कर्र लांब जातं, जवळ येतं...

"सरक की जरा. सगळं पोतं तुझंच का गं?"

वच्छीआत्या! संक्रांतीला गेलेली वच्छीआत्या, पदर खोचलेला, तोंडात बडीशेप.

"आत्या, तू मेलीस ना?"

"मेले म्हणून काय पाला टाकायचा नाही?"

हेही बरोबरच वाटतं. प्रांजल सरकते. "या कोष का नाही करत गं?"

"मला काय विचारतेस? शिकलेली तू. चल, आत जाऊन बघू."

आत म्हणजे कुठं, हे विचारेपर्यंत दोघी कमरेइतक्या पिवळसर पाण्यात उभ्या आहेत. कोमट, किंचित चिकट.

"रक्त! अळीचं रक्त आहे हे!" प्रांजल नाचायचीच बाकी. "लाल नसतं ते, आत्या. आणि शिरांत कोंडलेलं नसतं, सगळीकडे असं मोकळं!"

"बरं बरं. घसा नको फोडूस."

पाण्यातच तालुक्याचं एसटी स्टँड आहे. बाकांवर बायकाच बायका, सगळ्यांचा चेहरा आत्याचा, आणि प्रत्येकीची एक मूठ घट्ट मिटलेली. एक जण हळूच बोटं उघडते. आत सोनेरी तेलाचा थेंब.

"ओळखलं! हे संप्रेरक. अळीला 'लहानच राहा' सांगणारं. पण तेलकट ना, रक्तात मिसळत नाही. म्हणून त्याला धरून नेणारं प्रथिन लागतं. म्हणजे तुम्ही!"

"प्रथिन म्हण, नाहीतर आत्या म्हण. एका मुठीत एकच थेंब. उघडा टाकला की कोंबड्या टपलेल्याच असतात."

बाकांखाली आत्याच्या कोंबड्या हिंडताहेत, सांडलेले थेंब टकाटक टिपताहेत. पण आज थेंबच थेंब! सगळ्या मुठी भरून वर फलाटभर तेल.

"इतकं कुणी ओतलं गं?" आत्या विचारते.

"मी फवारलं हे औषध, रेशीमशेतीच्या शिबिरात शिकवलं तसं. अळी थोडी जास्त खाते, कोष टपोरा होतो. पण एकदाच फवारलं, शप्पथ!"

"वास घे."

एका थेंबाला नुसत्या औषधाचा वास. दुसऱ्याला तंबाखूचा.

"बाबा?"

आत्या पोट धरून हसते. "माझा भाऊ! मदत करील, पण सांगेल तर नाव कशाचं!"

"मग या आता कायम लहानच?"

"कोंबड्या थांबल्यात का? मुठी एकेक करून सुटतील, त्या टिपतील. तोवर खायला घालशील एवढा पाला आहे?"

"आहे. खालच्या वावरात."

"मग रडतेस कशाला? उशीर झालाय, वाया नाही गेलं."

"आणि तुझ्या मुठीत काय आहे, आत्या?"

आत्या मूठ उघडते. रिकामी. "माझा पोचला," ती म्हणते आणि प्रांजलच्या बोटाला काहीतरी बांधते. "घरी जाऊन विसरशील म्हणून."

"ऊठ."

दारात बाबा, हातात घमेलं.

"बाबा, तुम्ही फवारलं होतं?"

"हो. फवारायच्या दिवशी सकाळी, तू शाळेत होतीस तेव्हा. म्हटलं, पोरगी विसरली असेल."

"मी आदल्या संध्याकाळीच फवारलं होतं!"

बाबा रॅककडे बघतात, मग तिच्याकडे. "म्हणजे दोनदा. मग आता?"

"थांबायचं. खाऊ द्यायचं. चढतील त्या." ती घमेलं घ्यायला हात पुढे करते. बोटावर एक धागा चमकतो.

"झोपेत लागला असेल," बाबा म्हणतात. "एखादी लवकर पिकून कोषाला लागली असेल, तिचा."

"अळी धागा काढते, बाबा. गाठ नाही मारत."

बाबा तिचं बोट उजेडात धरतात. पाल्याच्या पेंढ्यांना वच्छीआत्या मारायची तीच उलटी गाठ, घरात दुसऱ्या कुणाला कधी न जमलेली. त्यावरून ते अंगठा फिरवतात. मग घमेलं तिथंच पालथं घालतात आणि विळा घेऊन खालच्या वावराकडे निघतात.