स्लीपिंग पार्टनर योहान मास्तर

"मास्तरांना नोटीस द्या. पण माझ्या नावानं न्हाई," तुकाराम म्हणाला.

"मग कुणाच्या?"

"तुमच्या. तुमी वकील हाय."

वकील झालो म्हणून काय झालं? सोनईच्या शाळेत योहान मास्तरांच्या छड्या आम्ही दोघांनीही खाल्ल्या होत्या.

तुकारामची सोनई ते नगर मोटार होती. महायुद्धामुळे पेट्रोल मिळेना, म्हणून मागे कोळशाची भट्टी बसवून तिच्या गॅसवर तो ती चालवायचा. मोटारीसाठी रिटायर झालेल्या मास्तरांनी आपली सगळी पुंजी दिली होती. करार मीच केला होता. त्यात मास्तर स्लीपिंग पार्टनर. म्हणजे भांडवल घालायचं, नफ्यातोट्यात वाटा घ्यायचा, कारभारात मात्र पडायचं नाही.

मास्तरांच्या मते ते पडतही नव्हते. रोज पुढच्या सीटवर बसायचे, एवढंच. लांब शेतातून कुणी पळत येताना दिसला की म्हणायचे, "थांब रे, आपला विद्यार्थी आहे." त्या रस्त्याला त्यांचा विद्यार्थी नसलेला माणूस सापडणं कठीण. मोटार थांबली की भट्टी निवायची, पुन्हा धगधगायला वेळ लागायचा. कोर्टकचेरीची माणसं वैतागून दुसऱ्या मोटारीनं जाऊ लागली. असंच चाललं असतं तर मोटार विकावी लागली असती, आणि मास्तरांचं म्हातारपणही उघड्यावर पडलं असतं. मला दोघांचीही काळजी वाटत होती.

'कारभारात पडू नका' अशी नोटीस मास्तरांना लिहायला हात धजेना. मग शाळा आठवली. घंटा झाली की मास्तर वर्गाचं दार लावायचे. उशिरा आलेला पाटलाचा मुलगासुद्धा बाहेर उभा.

"एक पितळी घंटा आण," मी तुकारामला म्हटलं, "आणि मास्तरांच्या हातात दे. मोटार कधी सोडायची ते त्यांनाच ठरवू दे."

"अन् करार?"

"तो मी बदलतो."

पुढे एका सोमवारी मी सोनईहून नगरला निघालो होतो. घरी चहाला जरा रेंगाळलो. स्टँडजवळ पोचतो तोच घंटा झाली आणि मोटार हलली. गच्च भरली होती. मी हात करत पळालो. तुकारामनं मान वळवून मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी खिडकीतून माझ्याकडे पाहिलं.

"उशीर झाला," ते म्हणाले. "उद्या वेळेवर ये."

तोंडात धूळ गेली, तरी मला फार बरं वाटलं. दुसऱ्या मोटारीनं गेलो. कोर्टात मुन्सफांनी उशिराचं कारण विचारलं. सल्ला माझाच होता, सांगणार काय?

तेव्हापासून भागीदारीचा करार लिहिताना स्लीपिंग पार्टनर आधी काय करत होता ते विचारून घेतो. मास्तर निघाला, तर कारभारात न पडण्याचं कलम घालायच्या भानगडीत पडत नाही.