मामांनी चेअरमनची चूक सांगितली

गेल्या रविवारी सकाळी, कामोठ्यातल्या आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये, माझ्या मामांवर अन्याय झाला. अख्ख्या नवी मुंबईत स्वतःच्या चुका सांगायची एवढी हौस असलेला दुसरा माणूस सापडणार नाही, आणि नेमकं त्यांनाच ‘उद्धट’ म्हणून गप्प बसवलं.

मामा मूळचे बोनकोड्याचे. चाळीचं भाडं यायचं, काम काही नव्हतं, दारू होती. आता ते आमच्या सोसायटीतल्या शेवटच्या रो-हाऊसमध्ये भाड्याने राहतात. तिथे दारू-गर्दातून बाहेर पडू पाहणारी माणसं एकत्र राहतात, आणि एकमेकांना सावरणं हाच तिथला मुख्य उपचार. नवा माणूस आधी संडास घासतो. मामा घासत घासत स्वयंपाकघराचे प्रमुख झाले, हे ते आमदारकी मिळाल्याच्या थाटात सांगतात. रोज सकाळी सगळे गोल बसतात. एखादा चुकला असेल तर दुसरा त्याचं नाव घेऊन तोंडावर सांगतो, चुकलेला उभा राहून कबूल करतो आणि सगळे टाळ्या वाजवतात. माहीत असून न सांगणं म्हणजे त्याला वाऱ्यावर सोडणं.

ही सवय मामा घराबाहेरही नेतात. ताईच्या साखरपुड्यात भर पंगतीत उभे राहिले. ‘मी जिलब्या पाच खाल्ल्या न् व्याह्यांना दोनच सांगितल्या.’ मग टाळ्यांची वाट बघत राहिले. आई दात-ओठ खात म्हणाली, ‘दादा, बस रे खाली!’ एका रिक्षावाल्याने सिग्नल तोडला, तर त्याला मायेने म्हणाले, ‘बोल भाऊ, मन हलकं होईल.’ भाऊ बोलला. ते इथे छापता येणार नाही.

तर रविवारी चेअरमन पाणी जपून वापरा म्हणून सांगत होते. मागे बसलेले मामा उठले. ‘चेअरमनसाहेब, काल पंप तुमीच चालू ठेवलात. पानी पार गेटपर्यंत आलं. सांगून टाका, आमी टाळ्या वाजवतो.’

‘आता गर्दुल्ले शिकवणार आम्हाला?’ चेअरमन उखडले.

‘गर्दुल्ला नाय, दारुडा हाय मी,’ मामा शांतपणे म्हणाले. ‘पन पंप तुमचाच.’

झालं! पाण्याचा विषय बाजूला राहिला आणि रो-हाऊस खाली करायला लावायचा ठराव येत्या रविवारी मतदानाला टाकला.

मामांना अजून कळलेलं नाही, चुकलं कुठे. ‘अगो, आपला मानला म्हनून सांगितलं ना,’ ते कांदा चिरता चिरता मला म्हणाले.

मी विचारलं, ‘घर गेलं तर कुठे जाल?’

‘बोनकोड्याला. खोली हाय.’ सुरी थांबली. ‘पन तिथं सकाली उठून कोनाला काय सांगू?’

मी दुसरा कांदा सोलायला घेतला.

ठरावावर मामांना मत नाही, भाडेकरूंना ते नसतंच. सोसायटीच्या सभासदांनो, तुम्हाला आहे. रविवारी या, आणि ठरावाच्या विरोधात हात वर करा.