हात लावायचा नाही

माझ्या साडूंइतकी हळू गाडी चालवणारा माणूस अख्ख्या ठाणे जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही, आणि त्याची लाज वाटायची सोडून त्यांना अभिमान वाटतो! गाडी म्हणजे आत बसायची नव्हे. हातभर लांबीची, रिमोटवर चालणारी, अंगाच्या मानाने भलतीच मोठी चाकं लावलेली गाडी. तिला क्रॉलर म्हणतात. खडकांवरून न उलटता पलीकडे जायचं, एवढंच तिचं काम. पहिल्यांदा त्यांनी मला ती डोंबिवलीत, कोपरला त्यांच्या बिल्डिंगच्या गच्चीवर दाखवली, तेव्हा मी चांगला चार पावलं मागे सरकून उभा राहिलेलो. म्हटलं, सुसाट येईल, नडगीवर आदळेल. साडूंनी रिमोटचं बटण दाबलं. मी वाट बघितली. बराच वेळ बघितली. शेवटी विचारलं, "सुरू कधी होणार?" तर म्हणाले, "अहो साडू, अर्धी चढली की!" आयुष्य कचेरीत गेल्यामुळे फाईल हळू चालते हे मला समजू शकतं. गाडी मुद्दाम हळू चालवण्यात काय आनंद आहे, ते मात्र मला आजतागायत समजलेलं नाही.

साडू अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर होते. रिटायर झाल्यावर माणसं देवाला जातात, नाहीतर गावी घर बांधतात. हे टिटवाळ्याला गेले ते थेट नदीवर, आणि पाच गोण्या दगड घेऊन परत आले. रिक्षावाल्याने म्हणे विचारलं, "काका, डोंबिवलीत दगड संपले काय?" त्यावर साडूंनी त्याला रिक्षा बाजूला घ्यायला लावून नदीच्या दगडाला पकड कशी असते ते समजावून सांगितलं. बिल्डिंगला लिफ्ट नाही, त्यामुळे ते सगळे दगड एकेक करून चार जिने चढून गच्चीवर गेले. हळूहळूच गेले असणार.

मग गाडीच्या तब्येतीचं सुरू झालं. टायरमध्ये फोम असतो, तो म्हणे फार कडक होता, दगडाला धरत नव्हता. एके दिवशी ताईंची उशी अचानक पातळ झाली. ताई म्हणजे त्यांची बायको, माझ्या बायकोची थोरली बहीण. तिला ताई म्हणतात म्हणून मीही ताईच म्हणतो. मग पुढचा भाग हलका पडतोय असं निघालं, तेव्हा हे खाडीवर जाऊन जाळ्याला लावायची शिशाची वजनं घेऊन आले. ती वजनं पुढच्या चाकांशी बांधायची, गाडी सोडायची, उलटली की एक काढायचं. शॉकअपमध्ये कुठलं तेल घालावं यावर तर पंधरा दिवस गेले. मी मदत करावी म्हणून म्हटलं, "खोबरेल घाला." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की पुन्हा मी तेलावर बोललो नाही.

सगळ्यात जास्त डोकं फिरलं ते त्यांच्या मार्कांपायी. एका रविवारी त्यांचा फोन आला, "साडू, आज स्पर्धा झाली. ब्याण्णव आले." मला काय आनंद झाला म्हणून सांगू! ठाण्याहून किलोभर पेढे घेऊन डोंबिवलीला गेलो, जिन्यात भेटेल त्याच्या हातावर पेढा ठेवला. वर पोचलो तर साडू तोंड पाडून बसलेले. ताई म्हणाल्या, "अहो, ज्याचे कमी तो पहिला. हे शेवटून पहिले आलेत." मला घेरीच यायची बाकी राहिली. मग साडूंनी पेढा खात मला नियम समजावले. दगडांवर ठिकठिकाणी दोन-दोन झेंडे लावलेले असतात, त्यांच्या मधून गाडी न्यायची. मागे घेतली की एक गुण चढतो. झेंड्याला लागली की चढतात. उलटली आणि हाताने सरळ केली की दहा चढतात. "म्हणजे काहीच केलं नाही तर शून्य?" मी विचारलं. "घरी बसून राहिलं तर?" साडू पेढा खायचे थांबले आणि आतल्या खोलीकडे बघत म्हणाले, "घरी बसणाऱ्याला शून्यसुद्धा मिळत नाही."

तो टोमणा मला नव्हता, ताईंना होता. ताईंचे दोन्ही गुडघे बदलून तेव्हा पाच महिने झालेले. डॉक्टर म्हणत होते, गुडघे एकदम ठणठणीत आहेत, हिंडाफिरा. घरात त्या हिंडायच्याही. पण जिना म्हटलं की त्यांचे हातपाय गार पडायचे. ऑपरेशननंतर खुर्चीत बसवून तिसऱ्या मजल्यावर आणल्या, त्या पुन्हा खाली उतरल्याच नाहीत. भाजी वर, गप्पा वर, हळदीकुंकूसुद्धा वर. साडू समजावून थकले. त्या दिवशी पेढ्यांवरून टोमणा ऐकल्यावर ताई भडकल्या. "तुमची ती गाडी एकदा तरी हात न लावता शेवटपर्यंत जाऊ दे, मग मीही उतरेन खाली. कोणाचा हात न धरता!" त्या रागाच्या भरात बोलून गेल्या. दुसरा कोणी असता तर विसरला असता. आमच्या साडूंनी ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलं.

त्यानंतर साडूंनी त्या गाडीची जी सेवा केली! गच्चीवरचे दगड पुन्हा रचले, त्यांच्यावर खडूने आकडे टाकले. मला वाटलं, ही काहीतरी स्पर्धेची भानगड असेल. नंतर कळलं, एकेक दगड जिन्याच्या पायरीच्या बरोबर उंचीचा बसवलेला. का, ते विचारलं तर म्हणाले, "सराव." कोणाचा, ते विचारायचं माझ्या लक्षात आलं नाही.

पुढची स्पर्धा दोन महिन्यांनी ठाण्यात, येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी होती. ताईंना घरबसल्या दिसावं म्हणून व्हिडिओ कॉल लावून फोन धरायचं काम माझ्याकडे आलं. एवढं एकच काम! साडू स्वतःचा फोन घरी ठेवून आलेले, म्हणे चित्त विचलित होतं. गाडी निघाली. पहिले झेंडे, दुसरे झेंडे, तिसरे. मी फोनमध्ये ओरडत होतो, "ताई, चढली! ताई, हात नाही लावला!" तिकडून ताई टक लावून बघत होत्या. राहिला शेवटचा खडक. गाडीने पुढची दोन चाकं वर टेकवली, मागचं एक सुटलं, आणि ती हळूच एका कुशीवर कलायला लागली. अहो, ती पडत होती! माझ्या डोळ्यांदेखत पडत होती! मला काय सुचलं देव जाणे. फोन टाकला, पुढे झेपावलो आणि गाडी दोन्ही हातांनी झेलली.

साडू नुसते माझ्या हातांकडे बघत राहिले. गळ्यात शिट्टी अडकवलेला एक गृहस्थ पंच होता, तो जवळ आला. म्हणाला, "काका, बघ्यांपैकी कोणी मध्ये हात घातला असेल तर तुम्हाला पहिल्यापासून परत संधी मिळेल. तुमच्या माणसाचा हात असेल तर मात्र दहा गुण, आणि हात लागला असं धरणार." मग माझ्याकडे बोट करून विचारलं, "हे तुमच्याबरोबरचे का?"

मी साडूंना डोळ्यांनी खुणा केल्या. नाही म्हणा! ओळखत नाही म्हणा! मी तर मान फिरवून येऊरच्या झाडांकडे बघायला लागलो, जणू सहज फिरायला आलेलो. साडूंनी वेळ घेतला. त्यांच्या गाडीला लागतो तेवढा. मग म्हणाले, "हो. आमचेच आहेत."

परतीच्या वाटेवर मी पन्नास वेळा माफी मागितली असेन. "अहो, असू दे हो," एवढंच ते म्हणत होते. गाडी त्यांच्या मांडीवर होती. माझ्या फोनची काच फुटून तो पार बंद पडलेला, त्यामुळे ताईंना कळवायचीही सोय नव्हती.

बिल्डिंगमध्ये शिरलो, पहिला मजला चढून वळलो, तर समोर ताई! वरच्या वळणावर, पायरीवर बसलेल्या. घामाघूम. एका हाताने कठडा घट्ट धरलेला. आम्हाला बघून रडायलाच लागल्या. "एकदम काळोख झाला हो फोनमध्ये. नुसती आरडाओरड ऐकू आली. परत परत लावला, लागेचना. वाटलं, तुम्हीच पडलात की काय."

दीड मजला उतरून आलेल्या. एकट्या. सात महिन्यांनी.

गाडी माझ्या हातात देऊन साडू चार पायऱ्या खाली उभे राहिले. हात मागे बांधलेले. मी कठड्याला टेकून उभा होतो. ताईंनी पदराने डोळे पुसले आणि विचारलं, "गाडीला हात लागला का हो?"

"लागला," साडू म्हणाले. "आपल्याच माणसाचा."

ताईंनी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. मग त्या कठडा धरून उठल्या, एक पायरी उतरल्या, दुसरी उतरल्या. साडू हळू आवाजात सांगत होते, "डावा आधी. आता वजन पुढे. घाई नाही." नेमकं हेच ते गच्चीवर गाडीला सांगायचे. तिसऱ्या पायरीवर ताई थांबल्या आणि त्यांनी हात पुढे केला.

"अगं, दहा गुण चढतील," साडू म्हणाले.

"चढू देत. मी उतरतेय ना."

साडूंनी मागे बांधलेले हात सोडले आणि ताईंचा हात धरला. मग दोघं खाली निघाली, त्यांच्या त्या वेगाने. मी गाडी घेऊन मागून चाललो होतो. त्या दिवशी कोण जिंकलं, कोण हरलं, कोणाचे किती गुण चढले, याचा हिशेब मला अजून लागलेला नाही. एवढं मात्र आठवतं की पहिल्या मजल्यापासून फाटकापर्यंत पोचायला आम्हाला खूप वेळ लागला, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला तो कमी वाटला.