तारीख सांगा

बारामती एमआयडीसीजवळ फोटो स्टुडिओ चालवणारे ते गृहस्थ गिऱ्हाइकाला नाव कधीच विचारत नाहीत. मान वर न करता म्हणतात, "नाव ऱ्हाऊ द्या, तारीख सांगा."

आई गेली तेव्हा घरात तिचा एकही धड फोटो सापडेना. बहिणीच्या लग्नाचे फोटो त्यांनीच काढले होते. मी त्यांच्याकडे गेलो, आईचा फोटो हवाय म्हणालो आणि लग्नाची तारीख सांगितली.

"आई हळदीत हुत्या का पंगतीत?"

"पंगतीत वाढत होती."

"मंजी दुपारी एकच्या पुढं." कॅमेऱ्यानं नोंदवलेल्या वेळेवरून त्यांनी हजारभर फोटोंतून चाळीस काढले. सातव्यात आई जिलेबीचं ताट धरून मनापासून हसत होती. माझा जीव भांड्यात पडला.

मला आपल्या खुर्चीत बसवून ते बाहेर गेले. दाराआडून आवाज आला, "जरा थांबा, आत मायलेक हाईत."